एकही खाडा नसलेला माणूस

ती घटना आजही आठवते, आणि आठवते ती एका पुठ्ठ्यामुळे. चार फूट लांब, तीन फूट रुंद, वर पांढरा कागद चिकटवलेला आणि कडेने हिरवी कापडी पट्टी. तो आत आणण्यासाठी ठाण्याच्या दाराचे दुसरे फळकूट उघडावे लागले. त्याआधी ते लोखंडी कपाट आणताना उघडले होते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सोलापुरात फौजदार होतो. आमच्या हद्दीत एक मोठी गिरणी होती. तिच्या भोंग्यावर अर्धे शहर घड्याळ लावी आणि ठाण्याचे घड्याळही त्यातच होते. गिरणीतल्या वाइंडिंग खात्यातून सूत चोरीला जात होते. वाइंडिंग म्हणजे बारीक बॉबिनवरचे सूत मोठ्या कोनावर गुंडाळायचे काम. हे तयार कोन पोत्यात घालून कोणीतरी बाहेर काढत होते.

खबर दिली ती एका यंत्रमागवाल्याने. हा गृहस्थ तासभर आमच्या दाराशी सूचनाफलक वाचत उभा होता. सूचनाफलकावर सापडलेल्या शेळीची एकच नोटीस होती. ती वाचायला कोणी तास घेत नाही, म्हणून मी त्याला आत बोलावले. तो म्हणाला, शेजारच्या कारखान्यात त्या गिरणीचे सूत येते, बाजारात न जाता येते, आणि हे आपण केवळ समाजहितासाठी सांगत आहोत. शेजाऱ्याच्या चादरी याच्यापेक्षा जास्त खपत होत्या, हे आम्हाला नंतर कळले. खबऱ्याचा हेतू स्वच्छ असावा असा आग्रह धरला असता तर माझ्या नोकरीत निम्मे गुन्हे उघडकीला आले नसते.

शेजारच्या कारखान्यावर आम्ही छापा घातला. कोन मिळाले, पंचनामा झाला. मालक लगेच बोलू लागला, पण त्याला फारसे माहीत नव्हते. गिरणीच्या मागच्या भिंतीपलीकडे, नाल्याच्या बाजूला दुपारी पोते पडलेले असायचे. याचा हातगाडीवाला ते उचलून आणायचा. मोबदला भिंतीतल्या एका सैल विटेमागे ठेवायचा. आतला माणूस कोण, हे ठरवणारा मध्यस्थ केव्हाच गाव सोडून गेला होता. मालकाने एक काम मात्र नीट केले होते. पोते आले की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला पेन्सिलीने फुली मारायची. चार महिन्यांत चौदा फुल्या होत्या. कॅलेंडर जप्त केले आणि एक नक्कल गिरणीला पाठवली.

गिरणीचे सुरक्षा अधिकारी पलटणीतून निवृत्त होऊन आलेले. त्यांचा तिथला हुद्दा कोणी विचारला नव्हता, आणि लोक 'मेजरसाहेब' म्हणत तेव्हा ते दुरुस्त करत नसत. बगलेत वेताची छडी, मागे दोन पहारेकरी. आठवड्याने ते पुठ्ठा घेऊन आले.

काम मेहनतीचे होते, हे मान्य केले पाहिजे. त्यांनी आडव्या रांगेत कॅलेंडरच्या चौदा तारखा घेतल्या होत्या. उभ्या रांगेत वाइंडिंग खात्याच्या पहिल्या पाळीतले चोवीस कामगार, बिल्ला नंबरांनी. मग हजेरीपट काढून प्रत्येक चौकटीत हजर असेल तर निळी खूण, खाडा असेल तर लाल. कॅलेंडर एका ठिकाणचे, हजेरीपट दुसऱ्या ठिकाणचा. दोन्ही एकमेकांवर ठेवून वाचायचे हे त्या काळात आमच्या खात्यातही फारसे कोणाला सुचत नसे.

छडीचे टोक एका ओळीवर टेकवून मेजरसाहेब म्हणाले, "बघा. तेवीस जणांना कुठं ना कुठं लाल खूण आहे. कुणी लग्नाला गेला, कुणी सुगीला. चोरीच्या चौदाही दिवशी हजर असलेला माणूस एकच."

ती ओळ सलग निळी होती. बिल्ला नंबर एकशे अडतीस.

आमच्या इन्स्पेक्टरसाहेबांनी वाकून ती ओळ वाचली. मग मला म्हणाले, "शनिवारपर्यंत अटक दाखवा." त्या दिवशी सोमवार होता. गिरणीने त्या कामगाराला त्याच संध्याकाळी कामावरून थांबवले. अटक झाली की कायमचे काढणार, असे मेजरसाहेबांनी जाता जाता सांगितले.

मंगळवारी तो माणूस ठाण्यात आला. वय चौतीस, अंगाने किडकिडीत, शर्टाची बटणे गळ्यापर्यंत लावलेली. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. बायको विड्या वळायची. दोन मुली. मी अटक केली नाही. रोज सकाळी नऊला आणि संध्याकाळी सहाला येऊन ठाण्याच्या हजेरी वहीत सही करायची, असे सांगितले. त्याने तेलुगूत सही केली, वळणदार आणि सावकाश.

आमच्याकडे एक हवालदार होते, अक्कलकोटकडचे. कानडी आणि मराठी एकाच श्वासात बोलायचे. त्यांनी सुरुवात केली.

"खरं सांग बे. कोन कोन हाय तुज्यासंगं?"

"कोन बी न्हाई साहेब. मी काय केलो न्हाई."

"मग भूत टाकतंय व्हय पोती?"

मी हवालदारांना थांबवले आणि विचारले, "चार महिन्यांत एक खाडा नाही तुझा?"

"एक बी न्हाई साहेब." हे त्याने अभिमानाने सांगितले नाही. खाली बघून सांगितले.

चौदा तारखांपैकी एक तारीख मला पाठ होती. त्या दिवशी वाइंडिंग खात्यात नव्या मशीनचे उद्घाटन होते आणि मी बंदोबस्ताला होतो. सकाळी साडेनऊची वेळ. फेटा बांधलेल्या पाहुण्यांनी बटण दाबले आणि मशीन सुरू झाले नाही. तारच जोडायची राहिली होती. छायाचित्रकार 'अजून एकदा' म्हणत असल्याने पाहुणे बटणावर बोट ठेवून उभे राहिले. शेवटी चार कामगारांनी मागून पट्टा हाताने ओढला आणि टाळ्या झाल्या. एवढेच घडले. पण दोन दिवसांनी चहाच्या टपरीवर मी हीच गोष्ट ऐकली तेव्हा पाहुण्यांचा फेटा मशीनमध्ये पडून सुतासारखा गुंडाळला गेला होता.

मी त्याला विचारले, "पाहुणे आले त्या दिवशी होतास ना?"

"होतो की."

"काय झालं होतं?"

तो पहिल्यांदा थोडा हसला. "काय सांगू साहेब. बटण दाबले, मशीन चालंना. वाकून बघाय गेले तर फेटा पडला की मशीनमदी. आमी लई हसलो."

ज्यांनी घटना पाहिलेली असते त्यांची हकिगत बहुधा बेचव असते. फेटा पडल्याचे फक्त तेच सांगत होते जे तिथे नव्हते. म्हणजे त्या सकाळी हा माणूस खात्यात नव्हता, आणि हजेरीपट म्हणत होता की होता. मी हजेरी वही मिटली आणि त्याला घरी जायला सांगितले. आपल्याला काय कळले हे लगेच सांगून टाकणारा पोलीस कीर्तनकार म्हणून बरा.

बुधवारी संध्याकाळी सही करताना तो म्हणाला, "साहेब, उद्या सकाळी नवाच्या जागी साडेअकराला आलो तर चालंल का?"

"का? नोकरी तर बंद आहे."

"काम हाय जरा."

मी हो म्हटले. गुरुवारी तो साडेअकराला आला, सही केली, बाकावर बसला. थोड्या वेळाने हवालदार माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, "साहेब, ह्यो गडी सरळ बसंना बगा. एका अंगावर बसलाय. गिरणीच्या पहारेकऱ्यांनी मारलं काय की."

मी पाहिले. तो डाव्या बाजूवर भार देऊन बसला होता. असे बसलेले माणूस मी घरात पाहिले होते. माझ्या थोरल्या भावाला क्षय झाला होता तेव्हा इंजेक्शने घेऊन आला की तोही दिवसभर असाच बसायचा.

शुक्रवारी सकाळी मी साध्या कपड्यांत क्षयाच्या दवाखान्यात गेलो. तिथे औषध-इंजेक्शनाचे दोन वार, सोमवार आणि गुरुवार, नऊ ते अकरा. डॉक्टर तरुण होते आणि माझ्यावर खूश नव्हते.

"फौजदारसाहेब, हे रजिस्टर गुन्हेगारांचं नाही."

"म्हणून तर गणवेश घालून आलो नाही."

"कुणाचं नाव हवंय?"

मी नाव सांगितले. त्यांनी पाने उलटली. या नावाचा रुग्ण नाही, म्हणाले, आणि ते खरे बोलत होते. मग मी ठाण्याची हजेरी वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटले, ही सही कुठे दिसते का एवढेच बघू द्या. डॉक्टरांनी टेबलाचा खण उघडला. एक कोरा कागद घेऊन रजिस्टरातले नावाचे, पत्त्याचे आणि आजाराचे रकाने झाकले. तारीख आणि सही एवढेच उघडे ठेवले. "बघा," म्हणाले.

तिसऱ्या पानावर सही सापडली. मला तेलुगू येत नाही, पण अक्षराचे वळण ओळखायला भाषा यावी लागत नाही. त्या माणसाने कंपाउंडरला खोटे मराठी नाव सांगितले होते, खोटी पेठ सांगितली होती. मग सही करायची वेळ आली तेव्हा सवयीने आपले खरे नाव लिहून मोकळा झाला होता. कंपाउंडरला तेलुगू येत नव्हते, त्यामुळे चार महिने हा खोटेपणा दोघांनीही बिनबोभाट चालवला होता.

कॅलेंडरच्या चौदा फुल्यांपैकी सहा सोमवारी किंवा गुरुवारी पडत होत्या. त्या सहाही तारखांना दवाखान्यात ही सही होती. उद्घाटनाचा दिवस त्यांतलाच एक सोमवार.

निघताना मी डॉक्टरांना विचारले, "खात्यात तेवीस माणसं आहेत त्याच्याबरोबर. त्यांना धोका?"

"आता नाही. त्याची थुंकी गेल्या महिन्यात स्वच्छ आली. औषध सोडलं तर मात्र सगळं पहिल्यापासून. त्याला तुम्ही पकडणार असाल तर सोमवारी आणि गुरुवारी इथं आणून सोडा."

एवढे रोखठोक सरकारी वाक्य मी पुन्हा फारसे ऐकले नाही.

संध्याकाळी तो सहीला आला तेव्हा मी हवालदारांना चहाला पाठवले आणि दार लोटून घेतले.

"सोमवारी आणि गुरुवारी मशीनवर कोण उभा राहतो?"

त्याचा चेहरा उतरला. मी वाट पाहिली. चौकशीत सर्वांत उपयोगी हत्यार म्हणजे गप्प बसणे, आणि त्याला सरकारी मंजुरी लागत नाही.

"मेव्हणा," तो शेवटी म्हणाला. "बायकोचा भाव. त्याला काम न्हाई. माजा बिल्ला लावून जातो. जॉबरला, म्हंजे मुकादमाला, ठाव हाय, समद्यांस्नी ठाव हाय. मशीनवर मानूस उभा असला म्हंजे झालं."

"मंगळवारीच का नाही सांगितलंस? सुटला असतास."

"साहेब, तुमी चोरी लिवा." तो हात जोडून नव्हे, समजावून सांगितल्यासारखा बोलत होता. "चोरीचं कोर्टात काय तरी हुतंय. सुटतंय मानूस. पन दवाखाना लिऊ नका. क्षय म्हटलं की कोन उभा करतंय मशीनवर? वाड्यात पाणी कोन भरू देतंय? पोरी हायत माज्या."

चोर ठरायला तयार असलेला निर्दोष माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. त्या ओळीतल्या निळ्या खुणांचा अर्थ मला तेव्हा लागला. बाकीचे तेवीस जण धडधाकट होते, म्हणून बिनधास्त खाडे करत होते. खाडा परवडत नव्हता तो फक्त आजारी माणसाला. हजेरीपट खोटा नव्हता. बिल्ला हजर होता की नाही एवढेच तो सांगत होता. बिल्ल्यामागे माणूस कोण, हे त्याला कोणी विचारले नव्हते.

पण एवढ्याने काम भागत नव्हते. मेव्हणा सहा दिवसांचा, हा आठ दिवसांचा, दोघांनी मिळून चोरी केली, असे कोणीही म्हणाले असते. शिवाय ते म्हणू नये म्हणून जे कारण द्यायचे, तेच द्यायचे नव्हते. खरा माणूस शनिवारपर्यंत सापडला तरच हा सुटणार होता.

मी टेबलावर कॅलेंडर ठेवले आणि या वेळी पुठ्ठा भिंतीकडे तोंड करून उभा केला. फुल्यांकडे नुसते पाहिले तर त्या पुंजक्यांनी होत्या. एका आठवड्यात दोन-तीन, मग दोन आठवडे काही नाही, मग पुन्हा दोन-तीन. कामगार दर तिसऱ्या आठवड्यालाच का चोरी करील? दर तिसऱ्या आठवड्याला गिरणीत काय बदलते? मी ताबडतोब गिरणीत गेलो आणि मेजरसाहेबांकडे पहारेकऱ्यांचे ड्युटी रजिस्टर मागितले.

"आमच्या माणसांचं कशाला? ते चोर पकडायला ठेवलेत."

"चोरीच्या दिवशी ते चोर पकडायला कुठं उभे होते ते बघतो."

"फौजदारसाहेब, हा आमचा अंतर्गत मामला आहे."

"पुठ्ठा फार छान झालाय," मी म्हटले. "त्यावर खाली थोडी जागा शिल्लक आहे."

रजिस्टर मिळाले. पहिल्या पाळीला पहारेकऱ्यांचे तीन जमादार होते. पुढचे फाटक, कापसाचे गोदाम आणि मागची भिंत अशा तीन जागांवर ते आठवड्याने फिरायचे. चौदाच्या चौदा फुल्या एकाच जमादाराच्या मागच्या भिंतीच्या आठवड्यांत पडत होत्या. उद्घाटनाच्या दिवशी बाकी सगळे पहारेकरी पाहुण्यांना सलामी द्यायला पुढच्या फाटकात रांगेत उभे होते. मागे हा एकटाच होता.

शनिवारी सकाळी जमादाराला बोलावले. तगडा गडी, चकचकीत बिल्ले, पायात कडक बूट. मी त्याला बसवले, चहा दिला. कॅलेंडरवरच्या फुल्या मी कागदाने झाकल्या नव्हत्या, फक्त त्यांबद्दल काही बोललो नाही. हातात पेन्सिल दिली.

"मागच्या भिंतीला तुमची ड्युटी कुठल्या आठवड्यांत होती, तेवढे आठवडे गोल करा. रजिस्टर माझ्याकडं आहे, पण तुमच्या तोंडून हवं."

पहिला गोल त्याने झोकात काढला. दुसरा काढताना त्याचे लक्ष आतल्या फुल्यांकडे गेले. तिसऱ्याला पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथेच राहिली. चहावर साय धरली.

हवालदार म्हणाले, "काढ की. तुजाच आठवडा हाय."

जमादाराने पेन्सिल खाली ठेवली. जेवणाच्या सुट्टीत खाते रिकामे असते, आत जायला त्याला कोणी अडवत नाही, हे सगळे त्याने पुढच्या अर्ध्या तासात सांगितले. त्याच्या खोलीत दोन पोती मिळाली. शेवटी मी सहज विचारले, पकडले जाण्याची भीती नाही वाटली?

"मेजरसाहेब समद्यांची हजेरी तपासत होते साहेब," तो म्हणाला. "आमची न्हाई. पुठ्ठा तर मीच धरून उभा होतो की, ते रेघा मारत होते तवा."

अटक शनिवारीच दाखवली. फक्त नाव बदलले होते. केस डायरीत मी लिहिले: 'बिल्ला नंबर १३८ धारण करणाऱ्या इसमाचा गुन्ह्याशी संबंध आढळून आला नाही.' इन्स्पेक्टरसाहेबांनी वाचले आणि विचारले, "का आढळला नाही, ते कुठं आहे?"

"खरा आरोपी सापडला, साहेब."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग वाक्याकडे, आणि सही केली. त्यांना काहीतरी कळले असावे. वरिष्ठांना न सांगितलेले कळते, सांगितलेले मात्र पुन्हा पुन्हा सांगावे लागते. दवाखान्यातल्या तारखा मी एका चिठ्ठीवर उतरवल्या होत्या. ती फाईलला लावली नाही. नियमाने हे बरोबर की चूक, यावर मी बराच विचार केला आहे. पुन्हा तेच करीन, एवढेच सांगतो.

तो सोमवारी कामावर परत गेला. जाण्यापूर्वी मी त्याला म्हटले, "मला तीन दिवसांत कळलं. दुसऱ्याला सहा दिवस लागतील. बदली किती दिवस पाठवणार?"

"सुया हायत तवर, साहेब."

माझा पुतण्या पुण्यात एका कंपनीत आहे. वेगवेगळ्या खात्यांची कोष्टके कॉम्प्युटरवर एकत्र जोडून तो साहेबांसाठी अहवाल काढतो. मला दाखवत होता, एक कळ दाबली की चार याद्या एकमेकींत बसतात. मेजरसाहेब असते तर त्यांनी त्याला हिरवी पट्टी लावून दिली असती. मी पुतण्याला दोनच प्रश्न विचारले. जोडणाऱ्याची स्वतःची यादी यात आहे का? आणि जोडल्यावर जे दिसू नये ते झाकायला त्या डॉक्टरांसारखा कोरा कागद कुठे ठेवतोस? तो म्हणाला, काका, तुम्हाला यातले कळायचे नाही. असेल.

त्या प्रकरणानंतर वर्ष उलटून गेले होते. एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला एकशे अडतीस नंबरच्या बिल्ल्याचा तो माणूस ठाण्याच्या दारात उभा दिसला. अंगाने भरला होता, गळ्याचे बटण उघडे होते. पहिली पाळी सुरू होऊन तीन तास झाले होते.

"काय रे, कामावर नाहीस?"

तो आत आला आणि बाकावर बसला. सरळ बसला.

"औषध संपलं साहेब. डॉक्टर म्हनले, आता येऊ नको." मग म्हणाला, "मेव्हण्याला दुसऱ्या गिरणीत लागलं काम. आज बदली न्हाई पाठवली. आज खाडा हाय माजा."

"कशासाठी?"

"कशासाठी न्हाई. असाच."

हवालदारांनी त्याला चहा सांगितला. पुढे नोकरीत कितीतरी हजेरीपट माझ्या हातून गेले. त्यांत एकही खाडा नसलेला माणूस दिसला की त्याची चौकशी लावण्याआधी मी त्याची तब्येत विचारायचो.